बंदीतली मोजणी

मस्कत
२८ जुलै २०२५

आदरणीय गुरुजी,

जुनेराचा सलाम. अम्मीकडून कळलं की यंदा पाऊस तुमच्या गुडघ्यांत शिरलाय. तरी जेट्टीवर रोज फेरी असतेच म्हणे, आणि तुमची फेरी म्हटली की भाषण आलंच.

एक काम आहे. नारळी पौर्णिमेला सगळे मच्छीमार सोसायटीत जमतील, तेव्हा 'परतवही'बद्दलची एक सूचना वाचून दाखवाल का? सोप्या शब्दांत लिहिते, म्हणजे तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.

परतवही आम्ही पाच जण सांभाळतो. कंपनी नाही, पगार नाही. ज्याला हवी त्याने फुकट घ्यावी, आत काय लिहिलंय ते उघडून पाहावं, सुधारावं. होडी निघाली की सोसायटीचा संगणक नोंद घेतो. ठरल्या वेळेला ती परतली नाही तर आमच्या सर्व्हरवरून गावातल्या फोनांवर गजर जातो. आज ती चारशे बारा बंदरांत चालते. पण प्रत्येक प्रकारच्या संगणकासाठी ती वेगळी बांधावी आणि तपासावी लागते, म्हणून कुठले संगणक धरायचे आणि कुठले सोडायचे हे आम्हाला दरवर्षी ठरवावं लागतं. यंदा विंडोज सात ही जुनी व्यवस्था सोडायची ठरली. ती बनवणाऱ्या कंपनीनेच पाच वर्षांपूर्वी तिच्यावरचा हात काढला. परतवहीच्या जुन्या आवृत्तीत एक भोक सापडलंय, आणि ते बुजवणारी नवी आवृत्ती विंडोज सातवर उघडतच नाही. त्यामुळे दहा ऑगस्टला आमचा सर्व्हर जुन्या आवृत्तीचं दार लावून घेईल.

हे मनाला आलं म्हणून केलेलं नाही. एक जूनपासून पंधरा जुलैपर्यंत आम्ही मोजणी केली. परतवही सुरू झाली की आपण कुठल्या संगणकावर आहोत ते सर्व्हरला कळवते. दीड महिन्यात विंडोज सातवरून आलेले निरोप शून्य. म्हणून मत देताना मला जड गेलं नाही.

मुझम्मिल श्रीवर्धनच्या मोबाइलच्या दुकानात रुळला म्हणतो. खरं ना? माझा भाऊ पाण्यापासून लांब आहे तोवर मला झोप लागते.

तुमची विद्यार्थिनी,
जुनेरा

*

खारवाडी बंदर
३० जुलै २०२५

चि. जुनेरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सूचना मी वाचून दाखवणार नाही. हे पत्र हातानं लिहितो आहे, सोसायटीची कारकून सुचिता त्याचा फोटो काढून तुला धाडेल. रागाचं पत्र टाइप करता येत नाही.

शून्य! अगं पोरी, जून-जुलैत समुद्र बंद असतो. तू मच्छीमाराची मुलगी, तुला हे मी सांगायचं? मासेमारीला बंदी, होड्या वर ओढलेल्या, जाळी माळ्यावर. आपला संगणक एक जूनला पुसून लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो आणि खालच्या कप्प्यात चाळीस वॅटचा बल्ब पेटता ठेवतात, नाहीतर दमट हवेनं त्याच्या पोटात बुरशी धरते. तुझ्याच अब्बानं तो बल्ब पहिल्यांदा लावला होता. त्या कपाटातून तो तुम्हाला निरोप कसा धाडणार? माणसं शेतावर गेल्यावर घरांची दारं ठोठावायची आणि गाव ओस पडलं असं लिहून मोकळं व्हायचं, ही कसली मोजणी? आणि हे एकट्या खारवाडीचं नाही, साऱ्या पश्चिम किनाऱ्याचं आहे. तुम्ही नेमका असा दीड महिना निवडलात की जेव्हा आम्ही नसतोच.

आपला संगणक विंडोज सातचा आहे. बँकेनं टाकून दिलेला, तीन जिल्हे फिरून आलेला, पण चालतो. जुनं झालं म्हणजे मेलं का? मग मला कधीच समुद्रात सोडायला हवं होतं.

'कंपनीनेच हात काढला' म्हणून आम्हीही काढतो, हे वाचून मी उठून बाहेर गेलो. कंपनीला विकायचं होतं, तिनं विकलं आणि ती गेली. तुम्ही कंपनी नाही म्हणून तर मी गावोगाव तुमच्यासाठी घसा फोडला! दीपगृह जहाजाला विचारत नाही, तुझं शीड नवं की जुनं. उजेड सगळ्यांना सारखा, नाहीतर तो उजेड नव्हे, मेहेरबानी. तुम्ही पाच जणांनी मतं दिलीत. त्या पाचांत खलाशी किती होते?

नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आठव. करमअली, तुझा बाप, दीड दिवस इंजिन बंद पडून वाहत होता. आणि सोसायटीच्या वहीत त्याच्या होडीपुढे 'परतली' लिहिलेलं होतं. कुणीतरी संध्याकाळी सवयीनं लिहून टाकलं होतं. म्हणून कुणी शोधायला गेलं नाही. त्यातून ही परतवही जन्मली. चारशे बंदरं झाली आणि पहिलंच बंदर तुमच्या हिशेबी शून्य झालं.

एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. दहा तारखेनंतर आमच्या पडद्यावर काय दिसेल?

मुझम्मिल बरा आहे. अंगानं भरलाय.

धर्माजी गुरुजी

*

मस्कत
१ ऑगस्ट २०२५

आदरणीय गुरुजी,

पत्र ऑफिसात वाचलं आणि उठून जिन्यात जाऊन बसले. तुमचं बरोबर आहे. बंदीतली मोजणी. पाचांतली एक तरी कोळीवाड्याजवळ वाढलेली होती, तिच्या लक्षात यायला हवं होतं. मस्कतला बारा महिने समुद्र चालू असतो, म्हणून विसरले, असं म्हणणार होते. पण ते कारण म्हणजे गुन्हाच आहे.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. दहा तारखेनंतर पडद्यावर काहीच वेगळं दिसणार नाही. नोंद होईल, हिरवा दिवा लागेल. फक्त गजर जाणार नाही. जुन्या आवृत्तीला आपलं दार लागलंय हे कळतच नाही.

आता माझंही ऐका, मधे न बोलता. पत्रात तेवढी सोय असते.

ते भोक साधं नाही. त्यातून कुणी परका माणूस, कुठूनही, कुठल्याही होडीपुढे 'परतली' लिहू शकतो. अब्बांच्या बाबतीत सवयीनं जे झालं ते कुणी खोडसाळपणे चारशे बंदरांत करू शकेल. दार उघडं ठेवलं तर तो धोका साऱ्यांना. लावलं तर धोका फक्त तुम्हाला. नव्या संगणकावरचे खलाशी काही कमी खलाशी नाहीत, गुरुजी.

आणि दीपगृहाचं म्हणाल तर त्यात तेल घालायला माणूस लागतो. विंडोज सातची परतवही तीन वर्षं एकटा चांगदेव बांधतो. अलिबागचा आहे, ऐरोलीत नोकरी करतो. त्याच्याकडच्या एका जुन्या लॅपटॉपवरच ती बांधता येते. त्याचे तीन वर्षांतले सगळे रविवार त्यात गेले. मेमध्ये त्याला मुलगी झाली. परवा म्हणाला, "जुनेरा, मला कुणी हार घालू नका, फक्त सोडा." त्याला मी काय सांगू? उजेड सगळ्यांना सारखा?

कंपनीची भाषा मला आलेली नाही. थकव्याची आलीय.

सहा तारखेला पुन्हा मतं घ्यायला सगळे तयार झालेत. दोन इकडे, दोन तिकडे आहेत. माझं मत पाचवं. पण 'साऱ्या किनाऱ्याचं आहे' एवढ्यावर मी बोलू शकत नाही. एकदा खोट्या आकड्यावर मत दिलंय. खरा आकडा द्या. आपल्या आसपास अशी किती यंत्रं आहेत?

जुनेरा

*

खारवाडी बंदर
५ ऑगस्ट २०२५

चि. जुनेरास आशीर्वाद.

चांगदेवला माझा नमस्कार कळव. त्याच्या रविवारांचा मी विचारच केला नव्हता. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या त्यागावर भाषणं केली, हे बायको म्हणायची ते खोटं नव्हतं.

तीन दिवस फिरलो. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला, तिथून एसटीनं दिवेआगर, श्रीवर्धन, मग मधली लहान बंदरं. आपली धरून सात सोसायट्या पाहिल्या. पाचांत विंडोज सात, दोहोंत नवी. पाचही संगणक एक जूनपासून बंद होते, कपाटात किंवा कुणाच्या घरी तांदळाच्या कणगीशेजारी. मी स्वतः चालू करून पाहिले. हा आकडा माझ्या डोळ्यांनी मोजलेला आहे.

दिवेआगरच्या अलीकडे एका सोसायटीत नीराबाई म्हणून आहेत. वादळानं छप्पर नेलं तेव्हा त्यांनी संगणक पाठीला बांधून शाळेत नेला होता. म्हणाल्या, "मास्तर, ह्यो डबा जुना हाय, मला म्हाईत हाय. पन बंद व्हनार आसंल तर त्यानं तोंडानं सांगावं. हिरवा दिवा लावून खोटं बोलू नये. खोटं बोलनारा नवरा मी टाकला, डब्याचं काय!"

मी मोठ्यानं हसलो आणि मग एसटीत बसल्यावर हसू गेलं. तुझ्या बाजूचंही तेच म्हणणं आहे, नाही का? खोटं बोलू नये.

परत आलो तर करमअली जेट्टीवर जाळं शिवत होता. त्याच्यासमोर मी तुझ्यावर तोफ डागली. त्यानं सुई थांबवली नाही. "गुरुजी, तुमच्या भाषणानं इंजिन चालू व्हत न्हाय. पोरगी म्हनते दारातनं चोर येईल. येईल का न्हाय?"

"येऊ शकतो," मी म्हटलं.

"मग दार उघडं ठेवा आनि राखण बसवा. लावलंच पायजे न् उघडंच पायजे, आसं दोघं भांडताय. राखण कुनी बसवायची ते बोला."

तुझा बाप चौथी नापास आहे. मी एम. ए. आहे. लिहून ठेवतो.

आपल्याकडे शुक्रवारी नारळ वाहिला की शनिवारी सकाळी 'रहेमत' आणि आणखी अकरा होड्या निघतील. रहेमतवर पाच जण आहेत, सगळे तरुण. मुझम्मिलचं विचारतेस, तो कामात असतो, फोन लागला नाही तर काळजी करू नकोस.

तुला मत कुठलं द्यायचं ते मी सांगणार नाही. पाच आणि सात, एवढं सांगितलं.

धर्माजी गुरुजी

*

मस्कत
७ ऑगस्ट २०२५

आदरणीय गुरुजी,

काल मतं झाली. तीन विरुद्ध दोन. विंडोज सात राहणार, पण येत्या ३१ मेपर्यंतच. एक जूनला समुद्र बंद झाला की तीही बंद. आणि यापुढे कुठलाही संगणक सोडायचा तर मोसम चालू असताना मोजायचं आणि बंदीतच सोडायचं. हा नियम आम्ही लिहून टाकलाय. त्याखाली कारण म्हणून खारवाडीच्या कपाटातल्या बल्बची गोष्ट लिहिली आहे, म्हणजे मस्कतमध्ये बसून पुन्हा कुणी विसरणार नाही.

चांगदेवला सोडलं. लॅपटॉप तो कुरिअरनं पाठवतोय. यापुढे ती आवृत्ती मी बांधेन.

अब्बांची राखणही बसवली. ती कशी ते नीट वाचा, कारण तुम्हालाच पाळायची आहे. जुन्या दारातून 'निघाली' असं आलं तर सर्व्हर ऐकेल. 'परतली' असं आलं तर ऐकणार नाही. परतायची वेळ उलटून अर्धा तास झाला की तो जेट्टीवरच्या एका ठरलेल्या माणसाला फोनवर विचारेल: होडी डोळ्यांनी पाहिली का? त्यानं होय म्हटलं तरच गजर थांबेल. खारवाडीसाठी मी अब्बांचा नंबर दिलाय. ते तिथंच बसलेले असतात. पाचही बंदरांना उद्यापर्यंत निरोप गेला पाहिजे.

विरोधात असलेल्या दोघांनी मला विचारलं, "या तुझ्या राखणीतही चूक निघाली तर?" मी म्हटलं, जबाबदारी माझी. म्हणताना सोपं होतं. आता दर अर्ध्या तासानं सर्व्हर उघडून बघते. कुणीतरी दाराशी उभं आहे असं सारखं वाटतं.

हा त्रास तुम्ही एका जुन्या डब्यासाठी, त्याचं उद्घाटन तुमच्या हातून झालं म्हणून, देताय असं पहिल्या पत्रानंतर मला वाटलं होतं. कबूल करते.

मुझम्मिल तीन दिवस फोन उचलत नाही. दुकानात एवढं काम असतं?

जुनेरा

*

खारवाडी बंदर
१३ ऑगस्ट २०२५

चि. जुनेरास,

पहिलं वाक्य आधी वाच: सगळे सुखरूप आहेत. सगळे.

फोनवर काल जे तुटक कळलं असेल ते क्रमानं सांगतो. आणि माझ्याविषयीचंही सांगतो, जे तुला कुणी सांगणार नाही.

शनिवारी रहेमत निघाली. काल मंगळवारी दुपारच्या भरतीला, अडीचच्या सुमारास, परतायची होती. सुचिता आजारी म्हणून दोन दिवस संगणकावर मीच होतो. ऑफिस दोनला बंद होतं. गेली कित्येक वर्षं, सुचिता नसली की मी काय करतो ठाऊक आहे? दोन वाजता त्या दिवशी यायच्या सगळ्या होड्यांपुढे एकदम 'परतली' करतो आणि कुलूप लावतो. भरतीला होड्या येतातच. रोज आल्या. तेवढ्याकरता कोण अडीचपर्यंत बसणार? काल सहा होड्या यायच्या होत्या. सहांपुढे मी 'परतली' केलं, छत्री घेतली आणि जेवायला गेलो.

नऊ वर्षांपूर्वी ज्या हातानं तुझ्या बापापुढे 'परतली' लिहिलं त्याला मी भर सभेत काय काय बोललो होतो! तो माणूस गाव सोडून गेला. त्याचा हात आणि माझा हात एकच होता, जुनेरा. तुझ्या मोजणीवर मी पेटलो तेव्हाही ही सवय मला ठाऊक होती, आणि मी तुला ती लिहिली नाही.

तीनला करमअलीच्या फोनवर तुझा सर्व्हर विचारू लागला. पाच होड्यांना त्यानं होय म्हटलं. रहेमतला उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरली आणि नाही म्हणाला. त्याच क्षणी गावातल्या अकरा फोनांवर गजर झाला. मी पानावर बसलो होतो. माझाही फोन वाजला. माझ्याच नोंदीवर विश्वास न ठेवणारा तो गजर ऐकला आणि ताट तसंच सोडून जेट्टीकडे निघालो.

चार होड्या तशाच मागे वळल्या. दिवेआगरच्या समोर, किनाऱ्यापासून बऱ्याच आत, रहेमत सापडली. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला कुणाचं तरी जुनं जाळं गुंडाळलं होतं, आणि वारा तिला बाहेर ढकलत होता. काळोख पडायच्या आत बांधून आणली.

आता दुसरं. रहेमतवरच्या पाचांत मुझम्मिल होता. दुकान त्यानं एप्रिलमध्येच सोडलं. चार भिंतींत जीव घुसमटतो म्हणाला. तुला सांगू नका म्हणून सगळ्यांना शपथ घातली. करमअलीनं काल 'नाही' म्हटलं तेव्हा तो आपल्या लेकाच्या होडीला नाही म्हणत होता. त्याचा आवाज हलला नाही, असं ऐकणारे सांगतात.

तू विचारशील, मत मागताना हे का लिहिलं नाहीत? लिहायला बसलो होतो. पाच तारखेच्या पत्राचा एक कागद फाडून टाकला. मुझम्मिलचं नाव लिहिलं असतं तर तुझं मत भावाला गेलं असतं. नीराबाईच्या बंदरातल्या खलाशांना बहीण मस्कतमध्ये नाही. त्यांना न्याय मिळायचा तर तो बिनओळखीचा मिळायला हवा होता. हे मी अजूनही मानतो. पण तुझ्याशी खोटं बोललो, हेही तितकंच खरं.

कालपासून मी सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं. भाषण न करता सोडलं.

धर्माजी

*

मस्कत
१६ ऑगस्ट २०२५

आदरणीय गुरुजी,

दोन दिवस लिहिता आलं नाही. मुझम्मिलशी बोलले. आधी मी रडले, मग त्याला अशा शिव्या दिल्या की शेजारची बाई दार वाजवून गेली. अब्बांशी बोलणं झालं नाही. ते फोनवर "आहे ना, आहे" एवढंच म्हणाले आणि अम्मीकडे दिला.

तुमच्यावर चिडले आहे आणि काही महिने चिडलेली राहीन. पण सेक्रेटरीपद परत घ्या. ज्याला आपल्या हाताची सवय कळली आहे असा माणूस मला त्या खुर्चीवर हवा आहे. नवा माणूस दोन वाजता काय करील मला माहीत नाही.

सोसायटीचं पत्र आलं. सगळ्यांच्या सह्या आहेत, अब्बांचीही. "ज्या जुन्या यंत्रानं पाच जीव वाचवले त्याला मुदत वाढवून मिळावी." नाही, गुरुजी. ३१ मे म्हणजे ३१ मे. ते यंत्रानं नाही वाचवले. यंत्रानं सांगितलेलं खोटं मानलं, म्हणून वाचले. दार उघडं आहे तोवर मी दर अर्ध्या तासानं बघत राहणार आहे, आणि हे असं मला आयुष्यभर जमणार नाही. माझ्या भावासाठी तारीख हलवली तर तुम्ही फाडलेला कागद फुकट गेला.

पण यंत्र टाकू नका. त्याच संगणकात विंडोजच्या जागी लिनक्स नावाची व्यवस्था बसते. तीही परतवहीसारखीच, कुणाची मालकी नसलेली. जुन्या यंत्रावर ती हलकी चालते आणि परतवहीची नवी, भोक बुजवलेली आवृत्ती तिच्यावर उघडते. पाचही बंदरांत जाऊन ती बसवायची आणि माणसांना शिकवायची. मोसमात कुणाला वेळ नाही. जूनमध्ये सगळ्यांना आहे, आणि सगळ्यांत जास्त खलाशांना. मुझम्मिलनं दुकानात दोन वर्षं हेच तर केलंय. होडीवरून उतर असं मी त्याला सांगितलं नाही, सांगून उपयोगही नव्हता. बंदीचे दोन महिने मात्र त्याला मागून घेतलेत. पहिलं बंदर नीराबाईंचं.

तेव्हा येत्या एक जूनला संगणक कपाटात घालू नका, मुझम्मिल येईपर्यंत टेबलावरच राहू द्या. नंतर घाला. आणि खालच्या कप्प्यातला बल्ब काढायचा नाही. लिनक्सलाही बुरशी धरतेच.

जुनेरा